मधुमेहींच्या वजनाची वर्षानुवर्षांची नोंद: कशी ठेवावी, कशी वाचावी

माझ्या आईला २०१० साली मधुमेहाचे निदान झाले तेव्हा तिचे वजन ६१ किलो होते. २०२४ साली ते पुन्हा ६१ किलो भरले आणि घरात सर्वांना समाधान वाटले. चौदा वर्षांत वजन जागच्या जागी राहिले, याहून अधिक काय हवे, असे मलाही वाटले होते. परंतु फाइलमधील कागद तारखेप्रमाणे ओळीने लावून पाहिले, तेव्हा दिसले की २०१३ साली वजन ६४ किलो असताना तिच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर होता आणि आता वजन तीन किलोंनी उतरलेले असताना तोच घेर ९५ सेंटिमीटर झाला आहे. मधल्या काळात शरीरातून जे गेले त्यात स्नायूंचा वाटा बराच असावा आणि पोटावरची चरबी मात्र वाढली असावी, असा त्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगितला. वजनाचा एकटा आकडा आम्हाला चौदा वर्षे अर्धीच गोष्ट सांगत होता.

मधुमेहासह दीर्घकाळ जगणाऱ्या प्रौढांचा लठ्ठपणा वर्षांच्या ओघात कसा बदलतो, हे घरच्या घरी कसे टिपावे आणि टिपलेले कसे वाचावे, हे पुढे सांगितले आहे. त्यासाठी लागते ती एक शंभर पानी वही, एक मोजपट्टी, एक वजनकाटा आणि आलेख कागदाचे एक पान. हे सारे ठाण्यात गोखले रस्त्यावरच्या एका फेरीत मिळते.

जुने कागद आधी लावून घ्यावेत

नोंद आजपासून सुरू करण्याऐवजी जितके मागे जाता येईल तितके जावे. जुन्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे अहवाल, विमा काढताना झालेली वैद्यकीय तपासणी, नोकरीतील वार्षिक तपासणीची पत्रके, बाळंतपणाची कागदपत्रे अशा ठिकाणी वजन लिहिलेले सापडते. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून मिळाला हेही लिहावे, कारण सर्वच आकडे सारख्या विश्वासाचे नसतात. आईच्या फाइलमध्ये एका दवाखान्याच्या लागोपाठ पाच कागदांवर ६८, ६८, ६८, ६८, ६८ असे वजन आहे. दीड वर्षात पाच वेळा तंतोतंत तेच वजन भरणे अवघड आहे. स्वागतकक्षात मागच्या कागदावरून आकडा उतरवला जात होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. अशा आकड्यांपैकी पहिला ठेवावा आणि बाकीच्यांवर रेघ मारावी.

पूर्वी रेल्वे स्थानकांवर रंगीत दिव्यांचे वजनाचे यंत्र असे. नाणे टाकले की जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट बाहेर येई, त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले असे. अशी दोन तिकिटे आईच्या डब्यात सापडली. वैद्यकीय दृष्ट्या ती फारशी उपयोगाची नाहीत, पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती ४७ किलोंची होती हे त्यांवरून समजले, आणि वाढ निदानाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती हेही.

वजन आणि कंबर मोजण्याची रीत

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी घ्यावे. काटा सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर न ठेवता थेट फरशीवर ठेवावा. तो बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी स्वतःचे वजन करावे, मग तांदळाची न फोडलेली पाच किलोंची पिशवी हातात धरून पुन्हा उभे राहावे. दोन्ही आकड्यांतील फरक पाच किलोंच्या अगदी जवळ आला पाहिजे. काटा बदलला तर त्या दिवशी जुन्या आणि नव्या दोन्ही काट्यांवर वजन घेऊन दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, नाहीतर काट्यांतला फरक पुढे शरीरातला बदल म्हणून वाचला जातो.

आठवड्याचे आकडे वहीत राहू द्यावेत, पण आलेखावर महिन्याची सरासरीच मांडावी. पाणी, मीठ, आदल्या रात्रीचे जेवण आणि पोट साफ होणे न होणे यांनी एक-दीड किलोचा फरक सहज पडतो. शिवाय आपल्याकडे वर्षाला स्वतःची एक चाल असते. गणपतीतले मोदक, नवरात्रातील उपवासाची साबुदाणा खिचडी आणि दिवाळीचा फराळ एकापाठोपाठ येतात, आणि त्याआधीच्या पावसाळ्यात फिरणे बंद पडलेले असते. म्हणून नोव्हेंबरचे वजन जुलैच्या वजनाशी न ताडता मागच्या नोव्हेंबरशी ताडून पाहावे.

कंबरेचा घेर मात्र घाईने मोजू नये. पायजम्याची किंवा परकराची नाडी जिथे बांधली जाते ती कंबर इथे अभिप्रेत नाही. वजन वाढले की नाडी पोटाच्या खाली सरकते आणि घेर कमी भरतो. बाजूने बोटांनी चाचपून सर्वांत खालच्या बरगडीची कड शोधावी, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधावी आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर पेनाने बारीक खूण करावी. मोजपट्टी त्या खुणेवरून, जमिनीला समांतर, अंगाला टेकेल पण रुतणार नाही अशी फिरवावी आणि सहज श्वास सोडल्यानंतर आकडा वाचावा. आरशासमोर उभे राहिल्यास पट्टी पाठीमागे खाली घसरली आहे का ते दिसते. शिवणकामाची जुनी कापडी पट्टी वर्षानुवर्षांच्या वापराने ताणली जाते. आमच्या घरातील पट्टी स्टीलच्या मोजपट्टीला लावून पाहिली तेव्हा मीटरमागे दीड सेंटिमीटर लांब निघाली, म्हणजे ती प्रत्येक वेळी घेर कमी दाखवत होती. दोनदा मोजावे, दोन आकड्यांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक आल्यास तिसऱ्यांदा मोजावे. तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरते. एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी तपासण्याच्या दिवशीच घेर मोजण्याची सवय लावली तर विसर पडत नाही.

उंचीसुद्धा वर्षातून एकदा मोजावी. ती बदलत नाही असे आपण धरून चालतो, पण वयपरत्वे मणके दबतात. आईची उंची चाळिशीत १५५ सेंटिमीटर होती, सत्तरीत ती १५२ भरली. ६० किलो वजन धरले तर पहिल्या उंचीनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक, २४.९७ येतो आणि दुसऱ्या उंचीनुसार २५.९७, एक छटाकही न वाढता निर्देशांक पूर्ण एका अंकाने वर जातो. यासाठी बीएमआयची तुलना करताना दोन्ही वेळी कोणती उंची धरली हे लिहावे, आणि आलेखावर बीएमआयऐवजी वजन आणि कंबर हेच आकडे मांडावेत.

वजनाशेजारी औषधाचे नाव

बहुतेक घरांतील नोंदी इथे अपुऱ्या पडतात. वजन लिहिले जाते, साखर लिहिली जाते, पण गोळी कधी बदलली हे चिठ्ठीतच राहते. मधुमेहाच्या औषधांचा तर वजनावर थेट परिणाम होतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, पायोग्लिटाझोन आणि इन्सुलिन यांनी वजन वाढण्याकडे कल असतो. मेटफॉर्मिनने ते स्थिर राहते किंवा किंचित घटते. ग्लिप्टिन गटाचा वजनावर विशेष परिणाम दिसत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकत असल्याने साधारण दोन-तीन किलो वजन उतरवतात. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड या इंजेक्शनांनी होणारी घट त्याहून पुष्कळ मोठी असते, आणि इंजेक्शन थांबवल्यावर गेलेल्या वजनाचा बराचसा भाग परत येतो.

इन्सुलिनने वजन का वाढते, याविषयी घरोघरी भलत्या समजुती आहेत. साखर फार वाढलेली असताना शरीर ती लघवीवाटे गमावत असते, म्हणजे खाल्लेल्या अन्नाचा काही भाग अंगी लागतच नाही. उपचाराने साखर आटोक्यात आली की ही गळती थांबते आणि आहार तोच असला तरी वजन वाढते. दुसरे कारण असे की शुगर लो होण्याची भीती मनात बसलेला माणूस अधूनमधून बिस्किटे खाऊ लागतो. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दहा वर्षांच्या काळात इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन केवळ आहारावर भर देणाऱ्या गटापेक्षा सुमारे चार किलोंनी अधिक वाढल्याचे आढळले. त्याच अभ्यासाने साखर काटेकोर ठेवल्यास डोळे आणि मूत्रपिंड यांना होणारी इजा कमी होते हेही दाखवले. त्यामुळे वजन वाढते म्हणून इन्सुलिन किंवा गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हा मार्ग नव्हे. आलेख डॉक्टरांपुढे ठेवून दुसरा पर्याय आहे का, असे विचारावे.

आलेख कागदावर आडव्या बाजूला वर्षे आणि उभ्या बाजूला किलो मांडावेत, औषध सुरू झाले त्या महिन्यात उभी रेघ ओढून त्यावर नाव लिहावे आणि घरातील मोठे बदल पेन्सिलने टिपावेत. आईच्या आलेखावर २०१५ साली ग्लिमेपिराइडची रेघ आहे आणि वर्षभरात वजन ६४ वरून ६६.५ वर गेलेले आहे. पुढची चढण मात्र औषधाची नाही. २०१७ साली नौपाड्यातील आमची इमारत पुनर्विकासाला गेली. तिथे आम्ही लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि भाजी, देऊळ, वाचनालय या निमित्ताने आई दिवसातून तीन वेळा जिना उतरे आणि चढे. घोडबंदर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्यानंतर लिफ्ट आली, भाजी दारात येऊ लागली आणि खाली रस्ता ओलांडण्याची धास्ती बसली. २०१९ पर्यंत वजन ६८ झाले आणि घेर ९६. ‘घर बदलले’ हे दोन शब्द पेन्सिलने लिहिलेले नसते, तर ही वाढ आम्ही गोळीच्या किंवा तिच्या जिभेच्या नावावर टाकून मोकळे झालो असतो. २०२१ साली डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यावर वजन ६५ वर आले; त्यानंतर गुडघेदुखीने हालचाल आणि भूक दोन्ही कमी होऊन ते ६१ वर उतरले.

रेषा कोणत्या मर्यादेशी ताडावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषानुसार २५ बीएमआयपासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरला जातो. भारतीयांसाठी २००९ साली इथल्या तज्ज्ञांनी या मर्यादा खाली आणल्या आणि २३ पासून अतिवजन, २५ पासून लठ्ठपणा धरावा असे सुचवले. कंबरेसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा वापरली जाते. याशिवाय घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा हा सोपा ठोकताळा आहे.

या खालच्या मर्यादांमागे आपल्या शरीराची जडणघडण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. ‘आमच्याकडे कोणी जाड नाही’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांना मी हेच उदाहरण देते. हडकुळे हातपाय आणि पुढे आलेले पोट हे मधुमेहाच्या वाटेवरचे आपल्याकडील नेहमीचे रूप आहे, आणि काट्याला ते दिसत नाही.

२०२५ च्या जानेवारीत भारतीय तज्ज्ञांच्या एका गटाने केवळ बीएमआयवर न थांबता पोटाचा घेर आणि लठ्ठपणामुळे झालेले आजार यांवरून लठ्ठपणाचे दोन टप्पे ठरवावेत असे मांडले. मधुमेह झालेली व्यक्ती आणि न झालेली व्यक्ती यांचे सारखे वजन सारखे मानू नये, एवढा अर्थ घरच्या वहीसाठी त्यातून घेण्यासारखा आहे.

बातम्यांतील आकडे वाचताना

लठ्ठपणा वाढल्याच्या बातम्या आल्या की लोक स्वतःच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू लागतात, म्हणून याविषयी थोडे सांगावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अतिवजन किंवा लठ्ठ असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के, २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २४ टक्के आढळले. चढ उघड आहे, पण हे आकडे १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे आहेत. मधुमेह ज्या वयात सर्वाधिक आढळतो ते वय त्यांत येतच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडिआब या सर्वेक्षणाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष २० वर्षांवरील प्रौढांचे आहेत. त्यांत मधुमेह ११.४ टक्के, लठ्ठपणा २८.६ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला. दोन्हीकडे रेघ २५ बीएमआयचीच आहे, मात्र पहिल्या सर्वेक्षणात तिला अतिवजन म्हटले आहे आणि दुसऱ्यात लठ्ठपणा. शब्द पाहून तुलना करणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

केवळ मधुमेहींमधील दीर्घकालीन चित्र अमेरिकेत चांगले टिपले गेले आहे. तेथे निदान झालेल्या प्रौढ मधुमेहींपैकी १९९९ ते २००२ या काळात ५४.८ टक्के जणांचा बीएमआय ३० किंवा अधिक होता. २०१७ ते २०२० मध्ये हे प्रमाण सुमारे ६३ टक्के झाले. मात्र ‘मधुमेही’ हा गट स्वतःच बदलत असतो. १९९७ साली अमेरिकेत उपाशीपोटी साखरेची निदानाची मर्यादा १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली गेली आणि सौम्य मधुमेह असलेले अनेक जण त्या गटात आले. उपचार सुधारल्याने मधुमेही अधिक वर्षे जगतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे काही उपचारच वजन वाढवतात. समूहाची टक्केवारी वाढली म्हणजे प्रत्येक मधुमेहीचे वजन वाढले असे नसते. आपल्या घरातील माणसाचे उत्तर आपल्याच आलेखात शोधावे लागते.

चढ, उतार आणि धोक्याच्या खुणा

वजन उतरवल्याचा लाभ किती, याचा अंदाज ठेवावा. मूळ वजनाच्या तीन ते सात टक्के घट झाली तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. ६८ किलोंच्या माणसासाठी ही घट दोन ते पावणेपाच किलो होते. मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांवर ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला. त्यात कडक आहार पाळणाऱ्यांपैकी ४६ टक्के जण एका वर्षानंतर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेबाहेर आले होते. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. अमेरिकेतील लुक अहेड या ५,१४५ मधुमेहींच्या अभ्यासात काटेकोर मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन पहिल्या वर्षी ८.६ टक्के उतरले आणि साडेनऊ वर्षांच्या सुमारास ती घट ६ टक्के उरली. म्हणजे पहिल्या वर्षानंतर थोडे वजन परत येणे हा नियमच आहे. आलेखाची रेघ तळाशी जाऊन पुन्हा किंचित वर वळली, म्हणून सगळे वाया गेले असे कोणी ऐकवू नये आणि कोणी समजू नये.

काही उतार मात्र शुभ नसतात. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन गेले, म्हणजे ६० किलोंतील तीन किलो, तर अभिनंदन न करता डॉक्टरांकडे जावे. साखर अनियंत्रित असणे, थायरॉइड, क्षयरोग, स्वादुपिंडाचा आजार यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि मधुमेहींमध्ये क्षयरोगाचा धोका इतरांहून अधिक असतो. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा आडवे पडल्यावर धाप लागू लागली, तर ती चरबी नसून अंगात साठलेले पाणी असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी त्याच दिवशी दाखवावे.

साठीनंतर वहीत आणखी एक रकाना वाढवावा. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर शेजारी कोणीतरी उभे राहावे. वजन उतरते आहे, घेर तसाच आहे आणि उठण्याची संख्या घटते आहे, असे तिन्ही एकत्र दिसले तर स्नायू जात आहेत असे समजून आहारातील प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम याविषयी विचारावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे लागते. आईची संख्या पहिल्यांदा सहा भरली होती. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि रोज एक वाटी उसळ यांवर आठ महिने काढल्यानंतर ती नऊ झाली. वजन सातशे ग्रॅमने वाढले आणि घेर दोन सेंटिमीटरने कमी झाला.

तपासणीला जाताना संपूर्ण वही नेऊ नये. बाहेर रांग असताना ती चाळायला डॉक्टरांना सवड नसते. आलेखाचे एक पान न्यावे आणि त्याच्या पाठीमागे तीन ओळी लिहाव्यात: गेल्या वर्षी याच महिन्यात वजन आणि घेर किती होते, आज किती आहेत, आणि मधल्या काळात कोणते औषध बदलले. पान परत मागून घ्यायला विसरू नये. आमचे एकदा तिथेच राहिले होते.